पाचवीच्या खोलीचं गाऱ्हाणं

मी पहिली नोकरी ज्या गावात केली त्याचं नाव इथे देणार नाही. भीती म्हणून नव्हे. त्या गावाला आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं, आणि तेवढं सुख मला त्यांना द्यायचं नाही. वालावलच्या बाजूला, खाडीच्या काठाकाठाने गेलं की लागतं, एवढं पुरे. जिल्हा तेव्हा रत्नागिरीपासून नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांना अजून स्वतःच्या इमारती नव्हत्या, पण परिपत्रकं मात्र जोरात सुटत होती.

शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या, दोन शिक्षक. मी मालवणातली, डी.एड. होऊन नुकतीच लागलेली, माझ्याकडे पहिली-दुसरी. तिसरी-चौथी हेडमास्तरांकडे. ते घाटावरचे, कोल्हापूरकडचे. माणसांना एकत्र बसवलं, त्यांचं ऐकून घेतलं, की ती शहाण्यासारखी वागतात असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्याला ते ‘संवाद’ म्हणत. मी पहिल्याच महिन्यात त्यांना सांगितलं होतं, "गुरुजी, आमच्याकडे माणसं बोलायला लागली की काम थांबतं." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

संवादाला निमित्त मिळालं ते पाचवीचं. गावाने श्रमदान करून एक खोली बांधून दिली आणि वर्गापुरती मुलं दाखवली, तर पाचवीचा वर्ग आणि एक शिक्षक देऊ, असं खात्याने कळवलं. तोवर पाचवीसाठी खाडी ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागे. मुलगे तरीच्या होडीने जात, पावसाळ्यात तेही घरी बसत. मुली चौथी झाल्या की काजू फोडायला बसत, किंवा मुंबईला कुणा नातेवाइकाची पोरं सांभाळायला जात.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. गुरुजी गणित फळ्यावर लिहीत असतानाच तिचं उत्तर तयार असायचं, पण विचारल्याशिवाय ती सांगत नसे. विचारलं तर उभी राहून सांगायची आणि लगेच बसायची, कुणाच्या नजरेत यायला नको अशी. बाकीची मुलं तिच्या बाजूला बसत नसत. चौथीपर्यंत तेवढ्यावर निभावलं होतं, कारण जुनी शाळा सरकारची होती आणि तिथे कोण कुठे बसतं याच्याशी गावाला देणंघेणं नव्हतं.

तिचं घर वाळीत टाकलेलं होतं. गावच्या मुख्य मानकऱ्याने आपल्या विधवा भावजयीच्या बागेची मेर, म्हणजे हद्द, एका सकाळी सरकवली होती. मेरेचा दगड उपटून चार पावलं आत रोवला, एवढंच. अख्ख्या गावाने पाहिलं, बोललं कोणी नाही. भावजय कोर्टात गेली तेव्हा साक्षीला एकच माणूस उभा राहिला, तो या मुलीचा बाप. त्याने जे पाहिलं ते सांगितलं. भावजयीला तिची जमीन परत मिळाली आणि साक्षीदाराचं घर वाळीत पडलं. दुकानदार सामान देईना, तरीवाला होडीत घेईना, लग्नाकार्याला बोलावणं नाही. दोनेक वर्षांत तो माणूस तापाने मेला. तिरडीला खांदा द्यायला गावातलं कोणी फिरकलं नाही. शेवटी खाडीकडच्या ख्रिस्तीवाडीतले चौघे आले आणि त्यांनी त्याला मसणात नेलं.

हे मला माझ्या घरमालकिणीने सांगितलं. मी ख्रिस्तीवाडीतच एका म्हाताऱ्या बाईकडे खोली घेऊन राहत होते. सगळे तिला माय म्हणत. तिचा थोरला मुलगा त्या चौघांत होता. वाळीतल्या घरची बाई नारळाची सोडणं खाडीत कुजवून काथ्या काढायची, सुंभ वळायची, आणि ते सुंभ फक्त ख्रिस्तीवाडीत खपायचं. त्यावर मायलेकी जगत होत्या. तरीची होडी त्या घराला बंद असल्यामुळे खाडीपलीकडची पाचवी त्या मुलीला मिळणारच नव्हती. पाचवी झाली तर गावात, नाहीतर सुंभ.

गुरुजींनी सभा सुरू केल्या. आधी वाडीवार, मग सगळ्या गावाची एकत्र. शाळेच्या पडवीत सतरंज्या घालून ते स्वतः दारात उभे राहत आणि येणाऱ्याला हात जोडत. आमची माणसं हात जोडून घेत आणि मागे वळून एकमेकांकडे बघून हसत. त्यांनी गुरुजींना ‘सभापती’ नाव पाडलं होतं. एकदा मुद्दाम तीन पायांवर उभी राहणारी खुर्ची आणून त्यांना बसवलं. गुरुजी सभाभर पाय टेकून तोल सांभाळत राहिले आणि लोकशिक्षणावर बोलत राहिले. सभा संपल्यावर खुर्ची आणणाऱ्याची पाठ थोपटण्यात आली.

"गुरुजी, पाचवी शिकान माणूस खंय पोचता?" पुढे बसलेल्या एकाने विचारलं.

"पुढे सातवी, मग हायस्कूल, मग नोकरी."

"नोकरी खंय?"

"कुठेही. मुंबईला सुद्धा."

"मुंबैक आमचे चवथीवालेय पोचतत. आणि परत येवनय बसतत. ते बगा, बसले हत."

त्याने मागे बोट दाखवलं. तिथे गिरणी संपानंतर गावी परतलेले बाप्ये ओळीने बसले होते. सगळी सभा हसली. ज्यांच्याकडे बोट दाखवलं तेही हसले, कारण न हसून चालणारं नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्याची जखम दिसली की बोट घालून बघायची रीत आहे, आणि ज्याची जखम त्याने त्यावर हसायचं असतं. मी त्याच भागातली, त्यामुळे मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. गुरुजींचा मात्र चेहरा उतरला.

प्रत्येक सभेच्या शेवटी गुरुजी विचारायचे, "मग खोलीचं ठरलं का?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "बगया."

गुरुजी खूश होऊन घरी जायचे. ‘बघू या’ म्हणजे लोक विचार करताहेत असा त्यांचा समज. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, बगया म्हणतात. मेलेल्या माणसाला औषध देऊ का विचारलंत तरी बगया म्हणतील. ते म्हणाले, "बाई, तुम्ही तुमच्याच माणसांबद्दल फार कडू बोलता." मी म्हटलं, "माझीच आहेत म्हणून बोलते." त्यानंतर ते माझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलत होते.

सगळा हिवाळा असा बगयात गेला. वरची वाडी बोलायला लागली की खालची वाडी उठून विड्या ओढायला बाहेर जायची, आणि खालची बोलायला लागली की वरची. शेवटी एका सभेत मुख्य मानकरी उभा राहिला. तोपर्यंत तो प्रत्येक सभेला येऊन मागे शांत बसायचा. उंच, सडपातळ, पांढराशुभ्र सदरा. त्याने आवाज चढवलेला कधी कोणी ऐकला नव्हता. त्या तीन पायांच्या खुर्चीच्या जागी धड खुर्ची त्यानेच दुसऱ्या खेपेला स्वतःच्या घरून पाठवली होती, त्यामुळे गुरुजींना तो देवमाणूस वाटायचा.

"गुरुजी, तुमची तळमळ खरी," तो म्हणाला. "पण ह्या सभेत काय ठराचा नाय. सभेत माणूस बोलता आणि घराक जावन इसारता. आपण देवाक गाऱ्हाणा घालूया. थंय एकदा व्हय म्हटला, की मगे कोणाच्यान मागे फिराक येवचा नाय."

गुरुजी अक्षरशः भारावले. लोकांच्या श्रद्धेतूनच मार्ग निघाला म्हणाले. गाऱ्हाणं म्हणजे त्यांच्या मते प्रार्थना. आमच्या भागात गाऱ्हाणं ही प्रार्थना नसते, तो करार असतो. मानकरी देवासमोर एकेक कलम बोलतो आणि जमलेला गाव प्रत्येक कलमाला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. मधेच कोणी नाही म्हणत नाही. तशी सोयच नाही. लहानपणापासून जीभ वळलेली असते. वाक्याच्या शेवटी ‘म्हाराजा’ आलं की तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ निघतंच, मग वाक्यात काय होतं ते घरी गेल्यावर कळलं तरी चालतं. मला हे माहीत होतं, आणि म्हणूनच मलाही वाटलं की आता खोली होणार. ती झालीच.

सोमवारी सकाळी देवळात सगळा गाव जमला. सभामंडपात बाप्ये, कडेला बायका, त्यांत भावजयही होती. वाळीतल्या घराला मंडपात यायची बंदी. मुलीची आई देवळाच्या दगडी गडग्याबाहेर, म्हणजे कुंपणाबाहेर, रस्त्यावर उभी होती, आणि मुलगी तिच्या कमरेला बिलगलेली. मी मंडपाच्या टोकाला होते, मला दोघी दिसत होत्या.

मानकऱ्याने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या पायाकडे सगळो गाव जमलो हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"लेकरांक पाचवीचो वर्ग होयो म्हणान खोली बांधूचा मनात घेतलेला हा, ता तडीस ने म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वरचे वाडयेची, खालचे वाडयेची भांडणा आसत, ती खोली पुरी होयसर बाजूक ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." इथे थोडं हसू झालं, पण म्हटलं सगळ्यांनी.

"परत्येक घराचो हात खोलयेक लागांदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ज्या घराचो हात खोलयेक लागाचो नाय, त्या घराचा पोर त्या खोलयेत बसाचा नाय, ह्या तू बग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर एक आवाज थोडा मागून आला. गडग्याबाहेरचा. ती बाई डोळे मिटून, हात डोक्यावर जोडून, मंडपातल्या कुणाहीपेक्षा मोठ्याने म्हणाली होती. तिला वाटलं असणार, आपला हात तर आपण लावूच. हात लावणं एवढंच तर मागताहेत. मानकऱ्याने मान किंचित वळवून तिकडे पाहिलं आणि नारळ फोडला.

दुसऱ्याच दिवसापासून काम सुरू झालं. मला मान्य करायला हवं की गाव पेटून कामाला लागलं. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची खाण गावाच्या वरच्या अंगाला होती. बाप्ये चिरे तासायचे, बाया डोक्यावरून खाली आणायच्या. गुरुजी सदऱ्याच्या बाह्या वर करून चुना कालवत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, बघा, संवादातून काय होतं ते.

ती बाईही खाणीवर गेली. तिला चिरा उचलून डोक्यावर द्यायला कोणी पुढे होईना, म्हणून तो गुडघ्यावर घेऊन, मग छातीशी धरून, मग डोक्यावर चढवून ती एकटी आणायची. शाळेपाशी आली की लोक बाजूला व्हायचे. ती चिरा ढिगावर ठेवायची. ती वळली की एकजण तो चिरा उचलून पलीकडे फणसाच्या मुळाशी नेऊन टाकायचा. गवंडी परगावचा होता, त्याला जो चिरा हातात देत तो तो बसवत होता. बाईने हे दुसऱ्या खेपेलाच पाहिलं. तरी ती येत राहिली. फणसाखाली तिच्या चिऱ्यांचा वेगळा ढीग वाढत गेला. पुढे पुढे ती स्वतःच थेट फणसाकडे जाऊन चिरा ठेवायला लागली, कोणाला त्रास नको म्हणून.

मी गुरुजींना तो ढीग दाखवला. त्यांनी चुन्याचे हात सदऱ्याला पुसले. मग म्हणाले, "आता कामात विघ्न नको. खोली होऊ दे, नंतर बसून बोलू."

"कोणाशी?"

"सगळ्यांशी," ते म्हणाले आणि चुन्याकडे गेले.

खोली उभी राहिली. कौलं चढली. मग कळलं की खात्याला खोलीबरोबर मुतारीही हवी आहे. नवे चिरे तासायला आता कोणाला उत्साह नव्हता. मानकऱ्याने फणसाकडे हात केला. "ते चिरे फुकट कशाक जायत?" म्हणाला. तिच्या चिऱ्यांची मुतारी बांधली. दोन दिवसांत झाली. ज्या हातांनी तिचे चिरे बाजूला टाकले होते त्याच हातांनी ते बसवले, आणि कोणाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. मुतारी म्हणजे काही खोली नव्हे.

माय मला त्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "आम्ही मेल्याक उचललंव. तुमका जित्या पोराक बसाक जागा दिवक जमना नाय." मी शाळेतली, म्हणून माझ्यावर राग.

जूनमध्ये शाळा उघडली. नवे शिक्षक आले, त्यांना पहिली-दुसरी दिली आणि पाचवी माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी त्या मुलीला पाचवीत घेतलं आणि पुढच्या ओळीत बसवलं. मी कोणाला विचारलं नाही. शाळा सरकारची, वर्ग सरकारचा. दुपारी मानकरी आला, दाराबाहेर चपला काढून, नमस्कार करून.

"बाई, तुमचो नियम तुम्ही पाळा. तुमका कोण अडवणा नाय," तो म्हणाला. "आमचो आम्ही पाळतंव."

दुसऱ्या दिवशी पाचवीत ती मुलगी आणि मी. बाकी कोणी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नव्या चुन्याचा वास मारणाऱ्या त्या खोलीत मी तिला एकटीला अपूर्णांक शिकवले. ती सगळं टिपून घेत होती, पण दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "कोण येता काय ता." शेजारच्या खोलीतून चौथीच्या मुलांचा गलका ऐकू येत होता. पाचवीची मुलं रस्त्यावर उभी राहून खिडकीतून आम्हाला बघायची आणि पळायची.

मी एसटी पकडून तालुक्याला गेले. तिथल्या साहेबांनी माझं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, मुलीला कोणी शाळेत येण्यापासून अडवलंय का?" नाही म्हटलं. "इतर पालकांनी मुलं पाठवलीच पाहिजेत अशी सक्ती आपण करू शकतो का?" नाही. "मग तक्रार कशाची? वर्गाला मुलं नसतील तर वर्ग मात्र बंद करावा लागेल. गावातच मिटवा." चहा गोड होता. पोलिसांत जाते म्हटलं तर गुरुजी म्हणाले, संवाद तुटेल. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला त्यांच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता.

त्यांनी पुन्हा सभा घेतली. सगळे आले, अगदी वेळेवर. गुरुजी बालकांच्या हक्कांवर सुरेख बोलले. मग मानकरी म्हणाला, "गुरुजी, आम्ही तिका खंय नाय म्हटला? गाऱ्हाण्यात तिनाच व्हय म्हटल्यान. सगळ्या गावान आयकला. आमच्यापेक्षा मोठ्यान म्हटल्यान."

सभेतून माना हलल्या. आयकला, आयकला, असे आवाज आले. पुढे मानकरी म्हणाला की गावाचं मन काही दगडाचं नाही. त्या घराने देवळात येऊन, देवासमोर कबूल करावं की घरच्या माणसाने कोर्टात खोटी साक्ष दिली. घर गावात परत येईल, घराचा हात लागला असं धरू, पोर खोलीत बसेल. फक्त एक: यापुढे त्या घरातल्या कोणीही, पोराने सुद्धा, कधी उलट बोलायचं नाही.

"मार्ग निघाला," गुरुजी मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते पाणी पुसायचं नव्हतं, कानाखाली आवाज काढायचा होता. साक्ष खरी होती हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. गुरुजींनाही माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

मी तशीच खाडीवर गेले. ती बाई गुडघाभर चिखलात उभी राहून कुजलेली सोडणं दांड्याने ठेचत होती. निरोप तिला माझ्याआधी पोचला होता. मी म्हटलं, असं काही करू नकोस. तुझा नवरा या गावात एकटा खरं बोललेला माणूस. मी मुलीला मालवणला माझ्या घरी नेते, तिथे शिकवते.

"थंय गेला तर माका कोण?" ती म्हणाली. ती ठेचत राहिली. मग थांबून तिने हाताने कपाळावरचा चिखल आणखी पसरवला.

"बाई, तो मेलो. तेका आता खरा कशाक होया? चेडवाक पाचवी होयी."

पुढच्या सोमवारी ती देवळात आली. मंडपाच्या पायऱ्या चढताना तिला कुठे उभं राहायचं ते समजेना. इतकी वर्षं बाहेर होती. एका बाईने बोटाने जागा दाखवली. मुलगी बरोबर होती, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. मानकऱ्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हिच्या घोवान ह्या गावच्या इरोधात खोटी साक्ष दिल्यान म्हाराजा."

त्या वेळी गावाने तोंड उघडलं नाही. पहिलं उत्तर तिचं होतं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. हळू.

"आयकाक येवक नाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"व्हय म्हाराजा," ती मोठ्याने म्हणाली.

मग सगळा गाव म्हणाला. बाप्यांनी म्हटलं, बायांनी म्हटलं. मी भावजयीकडे बघत होते. जिची जमीन त्या साक्षीने परत मिळाली ती भावजय, पदर डोक्यावर घेऊन, बाकीच्यांबरोबर म्हणाली, "व्हय म्हाराजा." माझं तोंड मी मिटून ठेवलं होतं. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाचवी भरली. दुकानदाराने त्या घराला सामान द्यायला सुरुवात केली, तरीवाला होडीत घेऊ लागला. मुलीला पुढच्या ओळीत जागा होती. मुलं मधल्या सुट्टीत तिला विचारायची, "तुझो बापूस काय करी गो?" आणि उत्तराची वाट बघायची. पहिल्यांदा ती गप्प राहिली तर एकाने घरी जाऊन सांगितलं, आणि संध्याकाळी मानकऱ्याचा निरोप तिच्या घरी पोचला. तेव्हापासून आईने तिच्याकडून ते वाक्य पाठ करून घेतलं, मी पाढे पाठ करून घेते तसं. मला हे नंतर कळलं.

दिवाळीनंतर जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला आले. लोकसहभागाचं उदाहरण म्हणून आमची खोली त्यांच्या कानावर गेली होती. गुरुजींनी दारावर तोरण लावलं. मानकरी आणि गावातली बडी मंडळी वर्गात मागे खुर्च्यांवर बसली. मी मुलांना आदल्या आठवड्यात बजावलं होतं: साहेबांना मालवणीत उत्तर द्यायचं नाही, पुस्तकात असतं तसं, पूर्ण वाक्यात बोलायचं.

साहेबांनी दोघातिघांना पाढे विचारले. मग पुढच्या ओळीतल्या तिला उठवलं. तिने अपूर्णांकांची बेरीज तोंडी करून दाखवली. साहेब खूश झाले. नाव विचारलं, तिने सांगितलं.

"छान. आणि वडील काय करतात?"

ती माझ्याकडे बघेना. तिने मान वळवून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मानकरी मायेने हसला.

"सांग गो, लाजा नको," तो म्हणाला.

तिने हात बाजूला सरळ केले, मी शिकवलं होतं तसे.

"माझे वडील खोटे बोलत असत, साहेब."

स्पष्ट, शुद्ध, पूर्ण वाक्य. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी तोरणाकडे. मागच्या खुर्च्यांवरून कोणी खाकरलं. मग साहेब हसून म्हणाले, "मुलं धीट आहेत तुमची," आणि पुढच्या मुलाकडे वळले. नंतर शाल-श्रीफळ झालं, गुरुजी संवादाविषयी बोलले, आणि साहेबांनी सांगितलं की हे इतर गावांनी शिकण्यासारखं आहे.

मी मधेच बाहेर आले. मुलीची आई मुतारीच्या भिंतीला टेकून, पायांवर बसून वाट बघत होती. तिथेच तिला सावली होती. शाळा सुटल्यावर मुलगी दप्तर घेऊन तिच्याकडे गेली. मी पाठमोरी होते, तरी मला ऐकू आलं.

"सायबान तुका काय इचारल्यान?"

"गणित. आणि बापाशीचा."

"सांगलंस?"

"सांगलंय."

"सगळा सांगलंस मा? त्यांनी आयकल्यानी मा?"

"व्हय," मुलगी म्हणाली. आईने तिच्या हातातलं दप्तर घेतलं, आणि दोघी खाडीच्या वाटेने घरी गेल्या.